उणे अठरा

तुर्भ्याच्या शीतगृहात माझी सही उणे अठरासमोर असते.
दर दोन तासांनी. कोळंबी, मटार, कुणाचं तरी आइस्क्रीम.
आकडा वर सरकला की भोंगा वाजतो
आणि पानसंबळ साहेब आधी माझ्याकडे बघतात,
मग यंत्राकडे.

घरी, कोपरखैरण्यात, उलट आहे.
घरी आकडा खाली गेला की मी उठते.

विहंग नोकरीसाठी बंगळुरूला गेला, पेटी इथेच राहिली:
दोन फुटी, काचेची, आत तीन शंखखेकडे.
एकाच्या शंखावर कुणीतरी फुटबॉल रंगवलेला.
दुसरे चार रिकामे शंख शेजारी मांडलेत,
तो रोज हात घालून बघतो आणि फुटबॉलातच परततो.
"आत्या, फक्त ऊब आणि ओल सांभाळ,"
असं विहंग म्हणाला,
वाण्याकडून पावशेर पावशेर आणावी तसं.

मी चटई खाली ठेवली होती.
तापणारी, काळी, वहीच्या पानाएवढी, पेटीच्या बुडाशी.
आपण नाही का शेक घेत खालून?
पण ह्यांना उकडलं की हे रेतीत उतरतात, गारव्याकडे.
पळून जायची तेवढी एकच वाट,
आणि तिच्या टोकाला मी निखारा ठेवून बसलेले.
कळलं तेव्हा बराच वेळ ओट्याशी उभी होते,
दूध उतू गेलं.
आता चटई मागच्या काचेला आहे, बाहेरून, रेतीच्या वर,
दुखऱ्या पाठीला पट्टी लावावी तशी.

दिवाही लावून पाहिला. त्याने हवा सुकली.
जमिनीवर राहतात, पण श्वास अजून समुद्राचा आहे,
ओल नसेल तर कोरड्यात बुडून मरतात.

मग मापक. तबकडीचा, सोनेरी कडेचा, देखणा.
बाटलीच्या झाकणात ओलं मीठ घेतलं,
मापकासकट पिशवीत बंद केलं, रात्रभर ठेवलं.
सकाळी पंचाहत्तर दाखवायला हवं होतं.
त्याने बासष्ट दाखवलं.
महिनाभर मी त्याच्या शब्दावर सही करत होते.

थर्मोस्टॅट सेक्टर सातमधल्या तन्वीरने बसवून दिला.
त्याचे वडील मालेगावला अंडी उबवायचे.
"जिथं तापतं तिथं मोजू नका," म्हणाला,
"जिथं जीव हिंडतो तिथं मोजा."
वायरचं टोक त्याने पेटीच्या मध्यावर सोडलं,
रेतीच्या दोन बोटं वर,
आणि माझ्याकडून वायरचेच पैसे घेतले.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी
महावितरणने सकाळी नऊलाच वीज काढली.
पारसिकच्या डोंगराकडून कोरडं वारं येत होतं.
सव्वीस. पंचवीस. चोवीस पॉइंट तीन.
गरम पाण्याच्या दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळल्या,
पेटीला तिन्ही बाजूंनी गोधडी लावली,
चौथ्या बाजूला मी बसले.
रात्रपाळीहून आलेली माझी बोटं अजून पांढरी होती,
त्यांचं तापमान कुठल्याच वहीत नाही.
बाटली त्यांच्यासाठी आहे की माझ्यासाठी,
क्षणभर गोंधळ झाला.

मधला खेकडा नोव्हेंबरपासून रेतीखाली आहे.
कात टाकतोय, किंवा मेलाय.
दोन्हींचा वरून दिसणारा चेहरा एकच: सपाट रेती.
"उकरू नकोस," विहंग दर रविवारी बजावतो,
"नवी कातडी मऊ असते, बोट लागलं तरी संपतो."
मी वास घेऊन बघते. अजून फक्त ओल्या मातीचा.
शीतगृहात अशी गोष्ट चालली नसती.
तिथे हरवलेल्या प्रत्येक पेटीचा जबाब द्यावा लागतो.
इथे मी तारखेसमोर लिहिते: दिसला नाही.
आणि रिकाम्या रेतीला सत्तावीस अंश पुरवत राहते.

आज पहाटे चार. सत्तावीस. ओल ऐंशी.
खाऱ्या पाण्याच्या वाटीजवळ रेतीला एक खळगा पडलाय,
रात्री नव्हता.
वरच्यांपैकी कुणाचा असेल. नसेलही.
शेरा काय लिहायचा ते सुचेना.
मागच्या काचेला हात टेकून थोडा वेळ उभी राहिले,
मग वेळ टाकली, आकडा टाकला,
सही केली.